खडकाविरुद्ध खोटी साक्ष

प्रश्न असा आहे: "मी नागपूरची. घर कॅथलिक. एम.एस्सी. झाल्यावर रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. मागच्या महिन्यात रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना-शिबिराला, बाहेरून आलेल्या एका प्रवचनकारांनी सांगितलं की पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे, कार्बन डेटिंग हे थोतांड आहे आणि उत्क्रांती मानणारा माणूस ख्रिस्ती असूच शकत नाही. पुढच्या रविवारी सातवीतल्या एका मुलानं विचारलं, 'टीचर, मंग डायनासोर कोन्त्या दिवशी बनवले देवानं?' मी काहीच बोलू शकले नाही. फादरांना विचारलं तर म्हणाले, वाद नको, सांगितलं तेच शिकव. मला श्रद्धा सोडायची नाही आणि खोटंही शिकवायचं नाही. चर्चचा अधिकार मानू की माझा अभ्यास?"

ताई, मी नागपुरात ३४ वर्षं भूशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं रविवारी तुमच्यासारखाच मुलांचा वर्ग घेतला. त्या मुलाचा प्रश्न माझ्याही वर्गात दर दोन-तीन वर्षांनी यायचा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही 'चर्चचा अधिकार' म्हणून ज्या दोन गोष्टी मांडल्या आहेत, त्यातली पहिली एका प्रवचनकारांचं वैयक्तिक मत आहे. दुसरी तुमच्या फादरांची पॅरिशमध्ये भांडण नको ही इच्छा आहे. दोन्ही माणसं आदराची आहेत. पण हायकोर्टाचा निकाल, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आणि तलाठ्याचा दाखला हे तिन्ही सरकारी कागद असले तरी त्यांचं वजन सारखं नसतं, हे आपल्याकडे शेताच्या कामाला तहसिलीत गेलेला कुणीही सांगेल. ख्रिस्तसभेतही तसंच आहे. ज्यावर आपला विश्वास उभा आहे ती घोषित श्रद्धासत्यं सगळ्यात वर: देव निर्माणकर्ता आहे, ख्रिस्त मेलेल्यांतून उठला. त्यानंतर पोप आणि बिशप यांची नेहमीची शिकवण. तिला मन आणि बुद्धी नम्र करून ऐकावं, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं सांगितलं आहे, आणि मी ते मानतो. त्याखाली शिस्तीचे, व्यवस्थेचे निर्णय. आणि सगळ्यात शेवटी रिट्रीटच्या माइकवरून ऐकू येणारं मत. ते चांगलं असलं तर घ्यावं, चुकीचं असलं तर सोडावं. सोडलं म्हणून पापनिवेदनात सांगायची गरज नाही.

सहा हजार वर्षांचा आकडा कुठून आला तेही बघा. आयर्लंडमधल्या आर्माचे अँग्लिकन आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये बायबलातल्या वंशावळी मोजून निर्मितीचं वर्ष इसवी सनपूर्व ४००४ असं काढलं. माणूस विद्वान होता आणि त्या काळात हाती असलेल्या साधनांनी त्यानं प्रामाणिक हिशेब केला. पुढे तो आकडा इंग्रजी बायबलच्या समासात छापला जाऊ लागला आणि समासातली टीप लोकांना मजकुराइतकीच पवित्र वाटू लागली. रोमनं हा आकडा कधीही श्रद्धेचा भाग म्हणून सांगितलेला नाही. १९९२ ची कॅथलिक ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा, म्हणजे शिकवणीचं अधिकृत पुस्तक, उघडून परिच्छेद २८३ काढा. विश्वाचं वय आणि विस्तार, जीवरूपांचा विकास, माणसाचं प्रकट होणं यांवरच्या वैज्ञानिक संशोधनानं आपलं ज्ञान समृद्ध झालं आहे, असं तिथे लिहिलं आहे. म्हणजे अधिकार हवाच असेल तर तो तुमच्या बाजूला आहे, आणि प्रवचनकारांच्या अधिकारापेक्षा बराच वजनदार आहे.

आता कार्बन डेटिंग. हा आक्षेप मी इतक्यांदा ऐकला आहे की मुलांना उत्तर देता यावं म्हणून थोडं नीट सांगतो. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा उरतो. पन्नासेक हजार वर्षांपलीकडे तो इतका थोडा राहतो की मोजून भरवशाचं काही हाती लागत नाही. शिवाय तो लाकूड, हाड, कोळसा अशा एकेकाळी जिवंत असलेल्या गोष्टींत सापडतो. त्यामुळे सीताबर्डीच्या टेकडीच्या काळ्या दगडाचं वय कोणताही भूशास्त्रज्ञ कार्बनवरून काढत नाही. त्यासाठी पोटॅशियमपासून होणारा आर्गॉन, युरेनियमपासून होणारं शिसं अशी कितीतरी सावकाश चालणारी घड्याळं वापरतात. त्या वेगवेगळ्या घड्याळांनी दख्खनच्या या लाव्ह्याचं वय साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं येतं. प्रवचनकारांनी ज्या साधनाला थोतांड म्हटलं, ते या कामाला कुणी हातातच घेत नाही.

पण मुलांना आकड्यांपासून सुरुवात करून देऊ नका. सातवीतल्या मुलाला आर्गॉन म्हणजे आणखी एक 'सांगितलं म्हणून मानायचं' एवढंच होतं. त्याला शंख दाखवा.

नागपूर दख्खनच्या लाव्ह्याच्या पूर्व काठावर बसलं आहे. शहराच्या पश्चिमेला काळा पाषाण, म्हणजे थंड झालेला लाव्हा. पूर्वेला भंडाऱ्याकडे त्याहून कितीतरी जुना नाइस नावाचा खडक. कामठीकडे वालुकाश्म, ज्यात ग्लोसोप्टेरिस नावाच्या नाहीशा झालेल्या झाडाची पानं उमटलेली आहेत. पूर्वी नागपूरबाहेर असलेल्या आणि आता शहरात आलेल्या टाकळीला लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये एक पातळ थर आहे. तो तळ्यातल्या गाळाचा आहे. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख आहेत, दगड झालेले, बोटाच्या पेराएवढे. आता मुलांना फक्त क्रम विचारा. खाली लाव्हा आहे. मग शंख कधी आले? लाव्हा निवल्यावर. निवल्याबरोबर? नाही, आधी वरचा दगड झिजून खोलगट व्हायला हवा, त्यात पाणी साचायला हवं, पाण्यात काही उगवायला हवं, गोगलगायी याव्यात, त्यांची पिलं व्हावीत, मरावीत, गाळात पुरली जावीत. मग वरून पुन्हा लाव्हा. हे एकदाच झालेलं नाही, असे मधले थर जागोजागी आहेत. यात यंत्र लागत नाही, पदवी लागत नाही. डोळे उघडे ठेवून क्रम लावता आला की पुरतं. माझ्या अनुभवात मुलं दहा मिनिटांत स्वतःच म्हणतात, "सर, हे सहा दिवसांत नाही होनार."

आणि हे शंख नागपुरात अभ्यासासाठी गोळा करणारा माणूस कोण होता? मिशनरी. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. सकाळी शाळा, रस्त्यावर उपदेश, संध्याकाळी हातोडा. सहकारी रेव्हरंड रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी नागपूरच्या आसपासच्या खडकांवर आणि जीवाश्मांवर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्याची महाकाय हाडंही त्यांनी गोळा केली. त्यांच्या चर्चचे पहिले प्रमुख थॉमस चाल्मर्स यांनीच पृथ्वी अतिप्राचीन मानायला बायबलची आडकाठी नाही असं मांडलं होतं, त्यामुळे हातोडा उचलताना हिस्लॉपना कुणाला लपून राहावं लागलं नाही. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं बघून बोरीकडे घोड्यावरून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते वाहून गेले. वय ४५. त्यांच्या नावाचं कॉलेज तुम्हाला माहीत आहेच. त्यांच्या खडकांविषयी मात्र रविवारी कुणी बोलत नाही, याची मला नेहमी खंत वाटते.

ते प्रोटेस्टंट होते, आपण कॅथलिक, असं कुणी म्हणेल. तर मग नील्स स्टेन्सन घ्या, ज्यांना स्टेनो म्हणतात. डेन्मार्कचा हा शरीरशास्त्रज्ञ १६६६ मध्ये फ्लॉरेन्सला एका शार्कचं डोकं कापत असताना त्याला दिसलं की डोंगरात सापडणारे 'जिभेचे दगड' म्हणजे शार्कचे दातच आहेत. तिथून तो थरांकडे वळला. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा नियम त्यानं १६६९ मध्ये मांडला. टाकळीला मुलांकडून आपण जे करून घेतो, ते हेच. हा माणूस १६६७ मध्ये कॅथलिक झाला, पुढे धर्मगुरू, मग बिशप. १९८८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं. माझ्या विषयाचा पहिला नियम सांगणारा माणूस आज आपल्या वेदीवर आहे. सेमिनरी हिल्सवर सेंट चार्ल्स सेमिनरी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय एकाच टेकडीवर आहेत. त्या रस्त्यानं जाताना मला स्टेनो आठवतो.

आता गॅलिलिओ, कारण तुम्ही हे बोललात की कुणीतरी ते नाव काढणारच. मी तुम्हाला विनंती करतो की ती गोष्ट दोन्ही बाजूंनी खोटी सांगू नका. १६१५ मध्ये कार्डिनल बेलार्मिन यांनी एका धर्मगुरूला लिहिलेल्या पत्राचा आशय असा आहे: पृथ्वी फिरते याचा खरा पुरावा मिळाला, तर शास्त्रवचनांचा अर्थ फार जपून लावावा लागेल आणि 'आम्हाला ते वचन कळलं नव्हतं' असं म्हणणं भाग पडेल. ही भूमिका मला आजही उत्तम वाटते. त्या वेळी तसा पुरावा नव्हता. गॅलिलिओ ज्या भरती-ओहोटीवर भर देत होता, तो युक्तिवाद चुकीचा होता. पृथ्वी फिरल्यामुळे ताऱ्यांचं जागा बदललेलं दिसणं मोजायला १८३८ उजाडलं. चूक झाली ती पुढच्या पावलात. 'सिद्ध झालेलं नाही' इथे थांबायचं सोडून १६१६ मध्ये रोमच्या कार्यालयांनी 'खोटं आहे आणि बायबलविरुद्ध आहे' असं ठरवलं, आणि १६३३ मध्ये सत्तरीच्या म्हाताऱ्याला गुडघे टेकवून आपलं मत चुकीचं आहे असं शपथेवर म्हणायला लावलं. दहा न्यायाधीश कार्डिनलांपैकी तिघांची सही त्या निकालावर नाही. अधिकाराची चूक स्वतः अधिकारानं १९९२ मध्ये मान्य केली, साडेतीनशे वर्षांनी. उशीर झाला, हे मी कुणाचीही बाजू न घेता म्हणतो. आणि त्याच काळात धर्मनिष्ठ माणसं दुर्बिणी लावून बसलेली होती, हेही खरं आहे.

मला गॅलिलिओच्या खटल्यात सगळ्यात जास्त खुपतं ते एवढंच: त्या दिवशी एका श्रद्धाळू माणसाला शपथेवर, देवाच्या नावानं, जे त्याला खरं वाटत नव्हतं ते म्हणायला लावलं गेलं. आठवी आज्ञा मुलांना तुम्ही शिकवता: खोटी साक्ष देऊ नकोस. आपण ती शेजाऱ्यापुरती ठेवतो. मी ३४ वर्षं ती खडकालाही लावत आलो आहे. जो दगड देवानं केला त्याच्याविरुद्ध खोटी साक्ष देऊन देवाचा मान वाढेल, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. संत ऑगस्टिननी पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना हाच इशारा दिला होता: ख्रिस्ती माणूस बायबलच्या नावानं आकाश-पृथ्वीबद्दल भलतंसलतं बोलला, आणि ऐकणाऱ्याला ते चूक आहे हे माहीत असलं, तर तो ऐकणारा आपल्या पुनरुत्थानावर कसा विश्वास ठेवेल? तुमच्या सातवीतल्या मुलाबद्दल मला हीच भीती आहे. तो दहावीनंतर कुठल्यातरी कॉलेजात भूशास्त्र नाहीतर प्राणिशास्त्र शिकेल, एका दुपारी सहा हजार वर्षं कोसळतील आणि त्याच ढिगाऱ्याखाली ख्रिस्तही जाईल. अशी मुलं मी बघितली आहेत. त्यातली काही माझ्याच हाताखालून गेली.

पण खोटी साक्ष विज्ञानाच्या बाजूनंही देता येते, आणि ती मी दिलेली आहे. तरुणपणी वर्गात मी ठासून सांगायचो की महास्फोटाच्या सिद्धांतानं 'प्रकाश होवो' हे वचन सिद्ध झालं. मुलं खूश, पालक खूश. पुढे वाचनात आलं की १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनीही रोममध्ये शास्त्रज्ञांपुढे त्याच दिशेनं भाषण केलं होतं, आणि ते रुचलं नाही ते नेमकं ज्यानं हा सिद्धांत मांडला त्याला, म्हणजे बेल्जियमचे धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांना. भौतिकशास्त्राचा सिद्धांत हा भौतिकशास्त्राचाच राहू द्यावा, तो देवाच्या निर्मितीचा पुरावा नाही आणि तिच्याविरुद्धचाही नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपमहाशयांनी ती जोड घातली नाही. एका साध्या धर्मगुरूनं पोपांच्या बोलण्याबद्दल आपली हरकत योग्य जागी, मानानं पोचवली आणि ती ऐकली गेली. हे वाचल्यावर मी पुढच्या रविवारी वर्गात जाऊन आधीचं बोलणं मागे घेतलं. मुलांपुढे ते जड गेलं.

आणि जिथे अधिकार बरोबर होता आणि विज्ञानाचा डौल चुकीचा, तेही विसरू नका. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत 'वंशसुधारणा' हे पुढारलेल्या लोकांचं विज्ञान मानलं जाई. मतिमंद, गरीब, 'अयोग्य' माणसांची सक्तीनं नसबंदी करावी असं मोठमोठे प्राध्यापक सांगत होते; अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९२७ मध्ये त्याला मान्यता दिली. १९३० मध्ये पोप पायस अकरावे यांनी स्पष्ट सांगितलं की निरपराध माणसाच्या शरीरावर सरकारचा असा अधिकार नाही. त्या वेळी त्यांना कालबाह्य म्हटलं गेलं असेल. आज कुणाला ते पटवून द्यावं लागत नाही. पोपांनी इथे खडकाचं वय सांगितलं नाही. माणसाशी कसं वागू नये ते सांगितलं. अधिकाराचं शेत तिथे आहे आणि त्या शेतात मी त्यांचं ऐकतो, माझ्या मनाविरुद्ध असलं तरी.

सगळं असं सुटून जातं असं मात्र मी म्हणणार नाही. एक गाठ आहे आणि ती मला अजून सुटलेली नाही. १९५० मध्ये पायस बारावे यांनी लिहिलं की माणसाचं शरीर आधीच्या जीवांपासून आलं का, याचा अभ्यास करायला मोकळीक आहे. आत्मा मात्र थेट देव निर्माण करतो. १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे एक पाऊल पुढे जाऊन म्हणाले की उत्क्रांतीचा सिद्धांत आता निव्वळ गृहीतक राहिलेला नाही. इथवर मला अडचण नाही. पण १९५० च्या त्याच पत्रात आणखी एक वाक्य आहे: आदाम म्हणजे अनेक मूळ पूर्वजांचा समूह, हे मत मूळपापाच्या, म्हणजे पहिल्या माणसापासून सगळ्यांत आलेल्या पापाच्या, शिकवणीशी कसं जुळवावं हे मुळीच दिसत नाही. आणि आजचं जनुकशास्त्र म्हणतं की आपले पूर्वज एका जोडप्यापुरते उरले नव्हते, ते हजारांच्या संख्येत होते. म्हणजे इथे खरंच घर्षण आहे. हे प्रवचनकारांच्या आकड्यासारखं उडवून लावता येत नाही, कारण इथे बोलणारा पोप आहे आणि विषय मूळपाप आहे.

मी काय करतो? त्या वाक्याचे शब्द नीट वाचतो. 'जुळत नाही' असं ते म्हणत नाही, 'कसं जुळवावं हे दिसत नाही' असं म्हणतं. दिसत नाही, हे बघणाऱ्याच्या त्या दिवसाच्या स्थितीबद्दलचं बोलणं असतं. नंतरच्या काही धर्मतत्त्वज्ञांनी जुळवणीचे मार्ग सुचवले आहेत. त्यातला एकही मला पूर्ण पटलेला नाही. पण माणूस वाकडा आहे, जन्मतःच स्वतःकडे वळलेला आहे आणि स्वतःच्या बळावर सरळ होत नाही, हे मला रोज दिसतं, स्वतःत आधी. त्या शिकवणीचा गाभा मी सोडत नाही, जनुकांचा पुरावाही नाकारत नाही. दोन्ही हातात धरून थांबतो. भूशास्त्रात मी अशी कितीतरी वर्षं थांबलो आहे. एखाद्या थराचं वय एका पद्धतीनं एक आणि दुसऱ्या पद्धतीनं दुसरं निघतं, तेव्हा एक निकाल फेकून दिला की काम सोपं होतं. पण बहुतेकदा नवं काही त्या न जुळण्यातच सापडतं. विश्वासातही मी तसाच वागतो. तुमच्या मुलांना हे आता सांगायची गरज नाही. मोठ्या मुलांना जरूर सांगा. 'मला अजून उमजलेलं नाही' हे शिक्षकाच्या तोंडून ऐकणं त्यांना फार उपयोगी पडतं.

आपल्याच भाषेतली एक बाई मला इथे आठवते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि दोनच वर्षांत तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना कळवलं की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टानं सुटले आहे, आता तसंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. धर्मगुरूंच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही, असंही त्यांनी लिहिलं. रमाबाईंच्या सगळ्या वाटेनं मी स्वतः जात नाही. मला पोप हवा आहे, परंपरा हवी आहे. एकट्या माणसाच्या बुद्धीवर मी इतका भरवसा ठेवत नाही. पण रमाबाई प्रश्न विचारून निघून गेल्या नाहीत. राहिल्या, आणि पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात आयुष्याची अखेरची वर्षं घातली. इतकं प्रेम असेल तर प्रश्न विचारायचा हक्क आपोआप येतो, असं मला वाटतं.

आता रविवारचं बघू. माझ्यावर एकदा तुमच्यासारखी वेळ आली होती. तरुणांच्या एका कार्यक्रमात मी टाकळीच्या शंखांबद्दल बोललो आणि कुणीतरी तक्रार केली. मला न विचारता माझा वर्ग काढून घेतला गेला. दोन वर्षं मी शेवटच्या बाकावर बसून मिस्सा ऐकली. त्या दोन वर्षांत रागाच्या भरात मी मित्रांना सांगत सुटलो की ख्रिस्तसभा कायमच ज्ञानाची वैरी राहिली आहे. स्टेनो माहीत असून, आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठात वाटाणे लावत होता हे माहीत असून. तीही खोटी साक्षच होती. पुढे नवीन फादर आले, त्यांनी बोलावून वर्ग परत दिला. मधल्या दोन वर्षांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि ते अजून दुखतं. म्हणून तुम्हाला सांगतो, मी जे केलं नाही ते तुम्ही करा: आधी फादरांकडे जा. पॅरिशच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक अक्षर लिहू नका. मिस्सानंतरच्या गर्दीत दारात गाठू नका. वेळ मागून घ्या.

त्यांना विचारा, "फादर, हे तुमचं मत आहे की ख्रिस्तसभेची शिकवण आहे?" परिच्छेद २८३ आणि त्याच्याबरोबर १५९ सोबत न्या, श्रद्धा आणि विज्ञान यांच्यात खरा विरोध असू शकत नाही असं तिथे म्हटलं आहे. १९८३ च्या धर्मनियमांतला नियम २१२ तुम्हाला माहीत असू द्या: आपल्या ज्ञानानुसार ख्रिस्तसभेच्या हिताच्या गोष्टी मेंढपाळांच्या, म्हणजे धर्मगुरू-बिशपांच्या, कानावर घालणं हा श्रद्धावंतांचा हक्क आहे आणि कधीकधी कर्तव्यही, आदर राखून. तो त्यांच्या तोंडावर फेकू नका. तो तुमच्या पाठीचा कणा ताठ राहावा म्हणून आहे. बऱ्याच धर्मगुरूंनी सेमिनरीत हे सगळं शिकलेलं असतं. त्यांना भीती असते ती समोर बसलेल्या लोकांची.

तरीही ते म्हणाले, "वर्गात हा विषय काढू नकोस," तर काढू नका. वर्गात काय शिकवायचं हे ठरवणं त्यांच्या अधिकारात येतं. हे ऐकताना मन खट्टू होईल, पण आज्ञापालन ज्याला म्हणतात ते अशाच वेळी असतं. मात्र ते म्हणाले, "पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे असं सांग," तर ते तुमच्याकडून मागायचा अधिकार त्यांना नाही, त्यांच्यावरच्या बिशपांनाही नाही. गप्प राहायला सांगता येतं. खोटं बोलायला सांगता येत नाही. त्यांना शांतपणे म्हणा, "फादर, मी विषय काढणार नाही. पण मुलानं सरळ विचारलं तर मला खोटं सांगता येणार नाही." याच्यावर वर्ग गेला तर जाऊ द्या. मिस्सा सोडू नका.

आणि त्या मुलाला उत्तर द्यायचं बाकी आहे. ते लांबवू नका, मुलं वाट बघणं थांबवतात. त्याला सांगा की उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी येतो. मग आधीचे तीन दिवस कसले, हे लिहिणाऱ्यालाही समजत होतं. तो आपल्याला वेळापत्रक देत नव्हता, सगळं कुणाचं आहे ते सांगत होता. डायनासोरही त्याचेच. कोणत्या दिवशी, ते खडकात लिहिलं आहे आणि तो मोठा होऊन वाचू शकेल.

माझ्याकडे टाकळीचे दोन शंख आहेत, विद्यार्थीदशेत उचललेले. एक तुमच्या वर्गासाठी काढून ठेवतो. मुलांच्या हातात द्या आणि पहिली पाच मिनिटं काही बोलू नका.